मोठी डिस्क घेण्याआधी: घरच्या डेटाचा हिशेब कसा मांडावा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क मागितली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने खोका काढण्याआधीच मान हलवली. "एक टीबी आता कोण नेतं, सर? चारची न्या. जीबीमागे हिशेब केलात तर चारचीच स्वस्त पडते." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मोठ्या डिस्कचा जीबीमागचा भाव बहुधा कमीच असतो. परंतु साठवणीचे गहू भरताना घरातली माणसे आधी खाणारी तोंडे मोजतात आणि मग पोती ठरवतात. डेटाच्या बाबतीत मात्र आपण पोते आधी विकत घेतो आणि त्यात काय भरायचे याचा विचार पुढे ढकलतो.

डिस्कचा आकार वाढत जाणे ही या व्यवसायाची जुनीच चाल आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत असत, म्हणजे आजच्या फोनमधल्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढी जागा. हिताचीने २००७ मध्ये पहिली एक टीबीची हार्ड डिस्क बाजारात आणली आणि आता ३० टीबीच्या पुढच्या डिस्क तयार होतात. या प्रचंड डिस्कचे मुख्य गिऱ्हाईक डेटा सेंटर हे आहे. तिथे जागेचे भाडे, वीज आणि वातानुकूलन यांचा खर्च पाहता एकाच चौकटीत जास्तीत जास्त डेटा बसवणे परवडते. घरातल्या कपाटाला हे गणित लागू होत नाही. म्हणून खाली दिलेल्या क्रमात डिस्कची निवड मुद्दाम बरीच उशिरा येते.

पहिली पायरी: जे आहे ते मोजावे

प्रथम घरातली सर्व साठवण एका कागदावर मांडावी: प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप, जुन्या डिस्क, पेन ड्राइव्ह, खणात पडलेल्या डीव्हीडी आणि गुगल किंवा ॲपलच्या खात्यातली जागा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम आणि स्टोरेज या वाटेने गेल्यास कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा घेतली आहे ते दिसते. त्याहून बारकाईने पाहायचे असल्यास विनडर्स्टॅट हा मोफत प्रोग्रॅम वापरावा. तो संपूर्ण डिस्कचा रंगीत चौकोनांचा नकाशा काढतो आणि सर्वांत मोठे चौकोन कोणत्या फाइलींचे आहेत हे एका नजरेत कळते. हे काम प्रत्येक यंत्रामागे अर्ध्या तासाचे आहे आणि ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण पुढचे सगळे आकडे यावरच उभे राहतात.

आमच्या घरी "डिस्क भरत आली" अशी तक्रार होती ती एक टीबीची जुनी डिस्क मी अशी उघडून पाहिली. तिच्यावर ६४० जीबी भरलेले होते. त्यातले २१० जीबी एकाच लॅपटॉपच्या तीन वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या जवळजवळ सारख्या प्रतींचे होते, १६० जीबी चित्रपट आणि मालिकांचे, ७५ जीबी गेम आणि इन्स्टॉलरचे, तर ४५ जीबी निव्वळ व्हॉट्सॲपच्या फोल्डरचे. घरचे म्हणता येतील असे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे १५० जीबी भरली आणि दुहेरी प्रती काढल्यावर ती ११८ जीबीवर आली. ही डिस्क भरलीच नव्हती. ती अडगळीने व्यापली होती.

मोजताना एक गोष्ट गोंधळात टाकते. एक टीबीची कोरी डिस्क विंडोज ९३१ जीबीची दाखवते आणि अनेकांना आपण फसलो असे वाटते. डिस्क तयार करणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि दोघेही त्याला जीबीच म्हणतात, एवढाच हा फरक आहे. म्हणून चार टीबीची डिस्क तिथे ३.६३ टीबी दिसते. यात दुकानदाराचा दोष नाही. ज्या फसवणुकीत दोष असतो तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरी पायरी: ढीग वेगळे करावेत

आता प्रत्येक फोल्डरला एकच प्रश्न विचारावा: हे उद्या नाहीसे झाले तर परत मिळेल का? आजीच्या आवाजातले गाणे, मुलाचे पहिले पाऊल, वडिलांची हस्तलिखित वही स्कॅन करून ठेवलेली पाने, स्वतः लिहिलेला प्रबंध हे परत मिळणार नाही; हा पहिला ढीग. चित्रपट, सॉफ्टवेअर आणि गेम परत मिळतील; हा दुसरा. कागदपत्रांचे मात्र दोन भाग होतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून पुन्हा काढता येतो, वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये दिसतो. पण १९७०-८० च्या दशकातले खरेदीखत, जुनी वाटणीपत्रे, बंद पडलेल्या शाळेचा दाखला यांची स्कॅन केलेली प्रत ही पहिल्या ढिगातली वस्तू आहे. असे कागद आकाराने नगण्य असतात. शंभर पानांचे चांगले स्कॅन एखाद्या मिनिटाच्या व्हिडिओपेक्षा कमी जागा घेते, ही बाब मोठ्या डिस्कच्या जाहिरातीत कधीच येत नाही.

तिसरा ढीग नकोशा गोष्टींचा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधील मॅनेज स्टोरेज हा विभाग उघडला की अनेकदा पुढे पाठवलेल्या फाइली आणि पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दाखवल्या जातात. गुलाबाच्या फुलावरचे सुप्रभात तिथेच सापडतात आणि एका बोटाने निघतात. सारख्या फाइली शोधण्यासाठी डुपगुरू हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. मात्र त्याने दाखवलेली यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय काहीही पुसू नये, कारण एकाच नावाचे दोन फोटो दर वेळी एकच असतात असे नाही.

फोटो निवडताना फार कठोर होण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. नावडता वाटलेला, हललेला फोटो वीस वर्षांनी मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी किंवा कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसासाठी मोलाचा ठरतो. फोटोंना जागा फारशी लागतही नाही. जागा खातात ते व्हिडिओ.

तिसरी पायरी: दरवर्षीची भर काढावी

हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येईल. फोनवरचा साधा फोटो तीन ते पाच एमबीचा धरावा. आयफोनच्या नव्या पद्धतीच्या चित्रीकरणात एका मिनिटाच्या १०८० रिझोल्यूशनच्या व्हिडिओला सुमारे ६० एमबी लागतात, ४के व्हिडिओला सुमारे १७० एमबी आणि तोच ४के सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने घेतल्यास सुमारे ४०० एमबी. अँड्रॉइड फोनचे आकडे मॉडेलनुसार बदलतात, पण प्रमाण साधारण असेच राहते.

चौघांचे एक घर घेऊ. वर्षाला सहा हजार फोटो, प्रत्येकी चार एमबी, म्हणजे २४ जीबी. आठवड्याला दहा मिनिटांचा १०८० व्हिडिओ, म्हणजे वर्षाला सुमारे ३१ जीबी. एकूण ५५ जीबी. या गतीने दहा वर्षांत ५५० जीबी होतात आणि एक टीबीची डिस्क अर्ध्याहून थोडीच अधिक भरते. याच घराने सगळे चित्रीकरण ४के मध्ये केले तर वर्षाला ११२ जीबी आणि दहा वर्षांत १.१ टीबी होतात. तिथे दोन टीबीची डिस्क पुरते आणि उरतेही. दहा वर्षे एकच डिस्क वापरणे मुळात शहाणपणाचे नाही, त्यामुळे पाच वर्षांचाच आकडा धरला तरी चालेल.

ज्यांना खरोखरच मोठी जागा लागते असे लोकही आहेत आणि त्यांना हा लेख वाचून छोटी डिस्क घेण्याचा मोह होऊ नये. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे, रॉ स्वरूपात फोटो काढणारे, यूट्यूबसाठी व्हिडिओ संकलित करणारे, घरभर कॅमेरे लावून महिनाभराचे चित्रण राखणारे यांचा डेटा आठवड्याला शेकडो जीबींनी वाढू शकतो. त्यांनीही हाच गुणाकार करावा. फक्त उत्तर आठ किंवा सोळा टीबी येईल.

चौथी पायरी: आकाराआधी प्रतींची संख्या

माझ्या मामेभावाने चार टीबीची डिस्क घेतली आणि भरपूर जागा मिळाल्याच्या आनंदात घरातल्या सर्व फोनमधले आणि दोन लॅपटॉपमधले फोटो तिच्यावर हलवून मूळ ठिकाणचे पुसून टाकले. गौरी-गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांना टीव्हीवर फोटो दाखवताना कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि फिरती डिस्क दोन फुटांवरून फरशीवर आली. त्यानंतर ती जोडली की आतून ठराविक अंतराने टक् टक् असा आवाज येई. डेटा परत काढून देणाऱ्यांनी सांगितलेला खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होता आणि हमी काहीच नव्हती.

अपघात एक टीबीच्या डिस्कलाही झाला असता. फरक असा की मोठी डिस्क माणसाला सगळे एका जागी आणण्याची फूस लावते. म्हणून चार टीबीच्या एका डिस्कऐवजी दोन टीबीच्या दोन डिस्क थोड्या महाग पडल्या तरी दोन घ्याव्यात. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांमध्ये रुळलेला नियम घरालाही चपखल बसतो. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच असले पाहिजे असे नाही. बहिणीच्या घरच्या कपाटातली डिस्कही चालते, आणि पूर, आग किंवा चोरी एकाच वेळी दोन्ही घरांत शिरण्याची शक्यता कमी असते. क्लाउडचा वापर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १ जून २०२१ पासून गुगल फोटोजवर नव्याने चढवलेले फोटो मोफतच्या १५ जीबींत मोजले जातात आणि त्या १५ जीबींत जीमेलही असते.

मोठ्या डिस्कची आणखी एक अडचण वेळेची आहे. पोर्टेबल हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला तर एक टीबीची प्रत करायला पावणेतीन तास लागतात, चार टीबीला अकरा तास. जुन्या यूएसबी २ च्या खोबणीत तीच एक टीबी आठ तास घेते. जे काम रात्रभर चालते ते लोक पुढच्या रविवारवर ढकलतात, आणि तो रविवार येत नाही.

पाचवी पायरी: कोणत्या प्रकारची डिस्क

फिरती हार्ड डिस्क अजूनही जीबीमागे सर्वांत स्वस्त आहे आणि घरच्या मुख्य प्रतीसाठी तीच घ्यावी. मात्र अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाच्या रेषा कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मावते, पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची कौलेही काढून पुन्हा बसवावी लागतात. तशीच इथे एक भाग बदलताना शेजारच्या रेषा पुन्हा लिहाव्या लागतात आणि वेग रेंगाळतो. फोटो एकदा टाकून ठेवणाऱ्याला याचा त्रास होत नाही. त्याच डिस्कवरून रोज व्हिडिओ संकलन करणाऱ्याला होतो. त्याने खोक्यावर किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर एसएमआर (कौलांसारख्या चढवलेल्या रेषांची) की सीएमआर (सुट्या रेषांची) हे पाहावे आणि सीएमआर घ्यावी.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी डिस्क, वेगवान असते आणि पडली तरी सहसा टिकते, म्हणून प्रवासात आणि रोजच्या कामात ती उत्तम. परंतु तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपाने राहतो आणि वीज न मिळता ती वर्षानुवर्षे पडून राहिली, त्यातही गरम जागी, तर तो भार हळूहळू गळतो. कपाटात विसरून जाण्यासाठी एसएसडी घेऊ नये.

आता राहिल्या लेझरने लिहिल्या जाणाऱ्या तबकड्या. मोठ्या डिस्कची शर्यत सर्वाधिक रंगली ती याच क्षेत्रात. १९८२ च्या सीडीत ७८० नॅनोमीटरचा लेझर आणि सुमारे ७०० एमबी जागा. १९९६ च्या डीव्हीडीत ६५० नॅनोमीटर आणि ४.७ जीबी, २००६ च्या ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटर आणि एका थरावर २५ जीबी. किरणाची तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाशाचा ठिपका बारीक आणि तितक्या डेटाच्या रेषा दाट: सीडीत दोन रेषांमधले अंतर १.६ मायक्रॉन होते, ब्लू-रेमध्ये ते ०.३२ मायक्रॉन झाले. याहून आखूड तरंगलांबी म्हणजे अतिनील किरण, आणि ते तबकडीचे प्लॅस्टिकच शोषून घेऊ लागते. म्हणून नंतरची वाढ थरांवर थर चढवून झाली: ५०, १०० आणि १२८ जीबी. होलोग्राफिक, म्हणजे थराच्या साऱ्या जाडीत डेटा लिहिणाऱ्या तबकडीवर ३०० जीबी बसवू पाहणारी इनफेज ही अमेरिकी कंपनी २०१० मध्ये बंद पडली. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २०१४ मध्ये जाहीर केलेली ३०० जीबीची आर्काइव्हल डिस्क व्यावसायिक संग्रहांसाठीच होती. ब्लू-रेशी लढणारी तोशिबाची एचडी डीव्हीडी तर फेब्रुवारी २००८ मध्येच माघारी गेली होती, आणि त्याच वर्षी आलेल्या मॅकबुक एअरमध्ये तबकडी घालायची खाचच नव्हती. ग्राहक तोवर पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटकडे वळू लागला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. इतर उत्पादकांच्या तबकड्या मिळतात, पण शर्यत पाहायला प्रेक्षक उरले नाहीत.

तरीही मी या तबकड्यांना निरोप देत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरचा डेटा चुकून पुसला जात नाही, खंडणीखोर व्हायरसला तो कुलूपबंद करता येत नाही आणि ती टेबलावरून पडली तर बहुधा उचलून पुन्हा वापरता येते. माझ्या त्या ११८ जीबींसाठी २७ डीव्हीडी लागल्या असत्या, २५ जीबीच्या सहा ब्लू-रे किंवा १०० जीबीच्या दोन. सहा तबकड्या एका संध्याकाळचे काम आहे, आणि तेही वर्षाकाठी पुढची भर टाकण्यापुरते उरते. यासाठी यूएसबीने जोडायचा ब्लू-रे रायटर घ्यावा लागतो. साध्या डीव्हीडीतला लेखनाचा थर सेंद्रिय रंगाचा असतो आणि ऊन, उष्णता यांनी तो खराब होतो. एम-डिस्क नावाच्या तबकड्यांत असेंद्रिय थर असतो आणि उत्पादक हजार वर्षे टिकण्याचा दावा करतात. तो पडताळायला आपण नसणार, तेव्हा शंभर वर्षांचा सौदा मानून घ्यावी. ज्यांच्या घरी २००५ ते २०१२ च्या सुमारास लग्नाच्या डीव्हीडी मिळाल्या असतील त्यांनी आजच त्या उघडून पाहाव्यात. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या तीनपैकी एका डीव्हीडीची कड पांढुरकी पडली होती आणि सप्तपदीच्या आधीच चित्र गोठत होते.

सहावी पायरी: विकत घेताना आणि घेतल्यावर

पहिल्या ढिगाचा आजचा आकार, त्यात पाच वर्षांची भर आणि वर तिसरा हिस्सा मोकळा, एवढा आकडा कागदावर लिहून दुकानात जावे. माझा आकडा ११८ अधिक २७५, म्हणजे ३९३ जीबी. तिसरा हिस्सा धरून साधारण ५२५. एक टीबी पुष्कळ झाली, आणि मी तशा दोन घेतल्या.

ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांत मिळणारा "१६ टीबी"चा पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी बनावटच असतो. त्याच्या आतली चिप संगणकाला खोटा आकार सांगते, खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही, आणि फाइलींची नावे मात्र शेवटपर्यंत दिसत राहतात. नवे साधन कोरे असतानाच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. तो संपूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहतो. वेळ लागतो, पण परत करण्याची मुदत संपण्याआधी हे झालेच पाहिजे.

डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असल्यास एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. जुन्या फॅट३२ मध्ये चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि लांब व्हिडिओ नेमके तिथे अडतात. प्रत करताना टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम वापरून पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. फोल्डरांना "२०२४-०९ गणपती" असे वर्ष आणि महिना आधी येणारे नाव द्यावे, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. आधार, पॅन यांच्या स्कॅन प्रती असलेला फोल्डर कूटबद्ध करावा आणि त्याचा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावा.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि त्या पुड्या दरवर्षी बदलाव्यात. तबकडीवर लिहायचे ते खास मार्करने, बॉलपेनने नव्हे, कारण सीडीत डेटाचा थर लेबलाच्या बाजूला अगदी वरच असतो आणि टोकाने ओरखडा पडतो. लोडशेडिंग असलेल्या भागात डेस्कटॉपला जोडून प्रत करताना यूपीएस चालू असावा.

वर्षातून एकदा डिस्क बाहेर काढण्यासाठी आमच्या घरी खंडेनवमी ठरली आहे, कारण त्या दिवशी हत्यारे आणि अवजारे पुसून पूजेला मांडायचीच असतात आणि लॅपटॉपलाही फूल वाहिले जाते. पूजेआधी दोन्ही डिस्क जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यांची प्रकृती पाहायची. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा बिघडल्याचा संशय असलेल्या जागांचा, आकडा शून्यावरून वर गेलेला दिसला तर ती डिस्क त्याच आठवड्यात बदलायची. त्यानंतर वेगवेगळ्या वर्षांतल्या दहा फाइली डोळे मिटून निवडायच्या आणि पूर्ण उघडायच्या, व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत. गेल्या खंडेनवमीला दहापैकी नऊ उघडल्या. दहावी बहिणीच्या घरच्या डिस्कवरून आणली, आणि ती होती सप्तपदीची.